बाई थांबते

हिरवं लुगडं. तुळसाबाईच्या लग्नातलं. तिने ते दोनदा नेसलं, बाकी सगळ्या वेळा तिच्या नवऱ्याने.

—

इंझोरीहून आणलेला बांबू. गाडीत मावेना, म्हणून त्याचं टोक बैलांच्या शिंगांपुढे गेलं. गावात आधी बांबू शिरला, मग बैल, मग दुलीचंद.

—

शिरपूरचे जैनांचे भगवान जमिनीला टेकत नाहीत. मूर्तीखालून कापड आरपार काढून दाखवतात.

—

एका गाण्याला एक सुई, असं फोनोच्या सुयांच्या डबीवर छापलेलं होतं. इंग्रजीत होतं, म्हणून केनवडात एक सुई झिजून बोथट होईपर्यंत चाले.

—

गोजरा नावाच्या दोन मुली. एकाच गल्लीत, एकाच पावसाळ्यात जन्मलेल्या. दोघींच्या घरात त्या नावाची आजी नाही की देवी नाही.

—

एकवीस सालच्या धुळवडीला पुंजाजी पडला. लोक हसले.

—

हे सगळं एका गाण्याचं आहे. गाणं तबकडीच्या एका बाजूचं. विडा लावून होईस्तोवर संपणारं.

पहिली बाजू

केनवडच्या पेठेत भागचंदचं दुकान होतं. मीठ, गूळ, लुगडी, बैलांच्या झुली. एकवीस साली होळीच्या आधी तो अकोल्याला गेला आणि येताना फोनो घेऊन आला. लाकडी पेटी, बाजूला चावी, वर धोतऱ्याच्या फुलासारखा पितळी भोंगा, आणि थोड्या तबकड्या. सगळ्या पदांच्या आणि भजनांच्या, एक तेवढी नाचाची. तिच्यात ढोलकी होती, घुंगरं होती आणि मुंबईची एक बाई होती. गाणं संपलं की ती बाई घाईघाईने आपलं नाव सांगे, जशी काही गाडी चुकेल म्हणून: गोजराबाई. तबकडीवर असं नाव सांगायची तेव्हा पद्धतच होती. केनवडला वाटलं, ती केनवडला सांगते आहे.

धुळवडीच्या संध्याकाळी तिथे गडीमाणसं लुगडं नेसून नाचत. अंगावरचा रंग धुवायचा, पेठेत यायचं, ज्याला नाच येतो त्याने नाचायचं. ढोलकी मारोतरावची. त्या वर्षी भागचंदने दुकानाच्या ओट्यावर फोनो मांडला, बाईची ढोलकी वाजू लागली आणि मारोतरावची गळ्यातच राहिली. हे तो पुढे कधी विसरला नाही.

पुंजाजी तेव्हा विशीतला. नुकतं लग्न झालेलं, थोडी पऱ्हाटी, थोडी ज्वारी, एक बैलजोडी. तुळसाबाईचं हिरवं लुगडं नेसून तो ओट्यावर चढला आणि चांगला नाचला. मग ती ओळ आली:

भरली घागर, फिरते गं, वाट दिसेना घरची.

'फिरते गं'वर त्याने गिरकी घेतली. पदर पायात आला, मग तोंडावर आला, आणि पुंजाजी होता तिथेच ओट्यावर कोसळला. लोक हसले. सगळ्यात जास्त मारोतराव. भागचंदने सुई उचलली, भोंगा उचलला आणि तो दुकानात गेला. पुंजाजीने घरी येऊन सांगितलं की आता नाच बंद. तुळसाबाई दिव्याशी लुगडं धरून कुठे फाटलंय का ते बघत होती.

पुढच्या धुळवडीला भागचंद स्वतः त्याच्या दारात आला. म्हणाला, यंदा ओट्यावर नको, खाली अंगणात नाच, फोनो वर राहू दे. पुंजाजीने नाही म्हणून मान हलवली. मग भागचंदने जे सांगितलं ते तुळसाबाईने चुलीपाशी बसून ऐकलं, आणि पुढे गावभर तिनेच सांगितलं.

"तू फीर. जवर तू फिरशीन, तवर बाई थांबीन. दमला का पदर सोड, मंग बाई पुढं जाईन."

पुंजाजीला ते काही कळलं नाही. पण शेटजी दारात आलेला. तो गेला, नाचला, ती ओळ आली, त्याने गिरकी घेतली.

आणि बाई थांबली.

फिरते गं, फिरते गं, फिरते गं, फिरते गं. ढोलकीही तिच्याबरोबर थांबली, घुंगरंही. अंगणातल्या माणसांचे श्वासही तिथेच घुटमळले. पुंजाजी फिरत होता. लिंबाचं झाड, दुकानाचं दार, भागचंदचा चेहरा, लिंबाचं झाड. मग त्याचा दम संपत आला आणि त्याने पदर सोडला. पदर खाली आला आणि बाई म्हणाली, वाट दिसेना घरची.

त्या वर्षी कुणी हसलं नाही.

त्याच पावसाळ्यात दोन मुली जन्मल्या, दोघींचं नाव गोजरा. एक पुंजाजीची. दुसरी मारोतरावची, तिला हे नाव कसं पडलं ते त्याच्या बायकोलाच माहीत, कारण ते तिने ठेवलं.

बाईला दिसतं, हे मग गावात ठरूनच गेलं. कुठून दिसतं यावर मात्र एकमत नव्हतं. काही म्हणत, भोंग्यातून. म्हणून बायका भोंग्यासमोरून जाताना पदर सारखा करत. काही म्हणत, ती आवाजावरून ओळखते, पुंजाजीचे घुंगरू ऐकते. रिसोडला एका वकिलाकडे फोनो होता, पण त्याच्याकडे ही तबकडी नव्हती, त्यामुळे ताडून बघायला काही नव्हतं. भागचंद पेटीमागे बसे, एक हात भोंग्याआड, आणि नाच संपेपर्यंत पुंजाजीवरची नजर काढत नसे. दुकानदार आहे, मालावर लक्ष ठेवतो, एवढंच लोकांना वाटे.

पुंजाजी भोळा नव्हता. मोटेचं चाक तो स्वतः बसवी. फोनोला चावी द्यावी लागते आणि यंत्राला डोळे नसतात हे त्याला समजत होतं. पण पदर सुटला की बाई पुढे जाते, हेही तो वर्षानुवर्षं पाहत होता. दोन्ही गोष्टी खऱ्या होत्या आणि दोन्ही एका जागी बसत नव्हत्या. धुळवड वर्षातून एकदा येते, तेवढ्यापुरतं चालून जाई.

त्याला गावात दुसरं काही नाव नव्हतं. शेत इतरांसारखंच, बैल इतरांसारखेच. पण मुंबईची एक बाई केनवडच्या एका माणसासाठी थांबते, आणि तो माणूस आपण, ही गोष्ट पेरणीला, कापणीला, कुणाच्या मयताला जातानाही त्याच्याबरोबर असे.

चाळीस साली भागचंद गेला. फोनो कापडात बांधून माळ्यावर ठेवला गेला. पुंजाजीने नाच सोडला. शेटजी नाही तर बाई कुणाकडे येणार, असं तो म्हणाला. ते तो बरोबरच म्हणाला होता, फक्त त्याला ते माहीत नव्हतं.

दुसरी बाजू

चव्वेचाळीस साली भागचंदच्या मुलाने, दुलीचंदने, रेडिओ आणला. लढाई चालू होती, रॉकेल चिठ्ठीवर मिळत होतं, आणि दुकानात एक पेटी जर्मनीच्या बातम्या सांगत होती. घरात विजेचा पत्ता नाही, तेव्हा पेटीला एक जड बॅटरी, आणि धाब्याच्या छतावर तो इंझोरीचा बांबू, त्याला तार.

चावी कुठे आहे, असं लोकांनी विचारलं. नाही म्हणाला. तबकडी कुठे घालायची? घालायचीच नाही. मग आत बाया किती आहेत? दुलीचंद अकोल्याला शिकलेला, त्याने हवेतल्या लाटांचं सांगितलं. ते कुणाच्याच गळी उतरलं नाही. फक्त प्रेमाबाईला, त्याच्या आईला, त्यात काही नवल वाटलं नाही. तिचं म्हणणं, शिरपूरचे भगवान जिथे टेकत नाहीत, तिथे आवाजाने कशाला टेकावं. एवढं बोलून ती दिवस बुडायच्या आत जेवायला गेली.

दर बुधवारी दिवेलागणीला मुंबईहून नाचाच्या तबकड्या लागत. सांगणारा माणूस नव्यापासून सुरुवात करी आणि जुन्याकडे जाई. होळीच्या आठवड्यात तो म्हणाला, पुढच्या बुधवारी अगदी जुनी एक तबकडी ऐकवू, आणि त्याने बाईचं नाव घेतलं.

दुलीचंद दुसऱ्या दिवशी शेतात गेला. तोही त्या अंगणातल्या गर्दीत बसूनच मोठा झाला होता.

"काका, बाई येऊन राह्यली बुधवारी."

पुंजाजी बैल सोडत होता. त्याने बैल सोडले, पाण्यावर नेले, परत आणले. मग एवढंच विचारलं:

"तिले मालूम हाय का, मी हाओ म्हून?"

दुलीचंद गोंधळला. मग हो म्हणाला.

धुळवड होऊन गेलेली, पण बुधवारी अंगण भरलं. हिरवं लुगडं आता हिरवं कमी आणि राखेच्या रंगाचं जास्त होतं. तुळसाबाईने त्याला ते नेसवलं आणि या वयात गिरकी बेतानं घ्या म्हणून बजावलं. मारोतराव ढोलकी घेऊन आला होता. कशाला, असं विचारल्यावर म्हणाला, पेटीचं काय सांगावं, बंद पडली तर.

पेटी आधी खरखरली. मग मुंबईचा माणूस बोलला. पहिलं गाणं यंदाचं. त्यात पितळी वाद्यं होती आणि दहा-बारा बाया एकदम गात होत्या. पोरं नाचली, मोठ्यांना त्यात नाचायचं कुठे तेच सापडेना. मग दहा वर्षांपूर्वीचं. त्यात हार्मोनियम आणि तबला. यावर माना हलल्या, पाय हलले नाहीत. गाणं जितकं मागं जात होतं तितकी माणसं पुढे सरकत होती. मग खरखर, मग ती ढोलकी. अंगणातल्या निम्म्या लोकांना ती पहिल्या थापेला कळली. मारोतरावने आपल्या ढोलकीवरचा हात काढून घेतला.

पुंजाजी नाचू लागला. चार वर्षं गेली होती, पण पायांना सगळं आठवत होतं. पेटीकडे तोंड ठेवून नाचत होता, तिला दिसावं म्हणून. कुणीतरी कंदील त्याच्याजवळ सरकवला.

भरली घागर, फिरते गं,

पुंजाजीने गिरकी घेतली.

वाट दिसेना घरची.

पुंजाजी फिरत होता.

बाई पुढच्या कडव्यावर गेली. तिथे काय आहे ते त्याला ठाऊक होतं, हजारदा ऐकलेलं, पण पाय 'फिरते गं'पाशी होते. तो फिरत होता. लिंबाचं झाड, दुकानाचं दार, दुलीचंदचा चेहरा. बाई नदीवर गेली. तो फिरत होता. लिंबाचं झाड, दार. बाई नदीवरून परत आली. पुंजाजीने पदर सोडला. पदर खाली आला आणि काहीच झालं नाही. त्याने तो उचलून पुन्हा सोडला. बाई आपल्याच नादात शेवटच्या ओळीवर पोचली होती. तिने गाणं संपवलं. आता ती नाव सांगेल म्हणून सगळे थांबले, तर मुंबईचा माणूस मध्येच बोलायला लागला.

पुंजाजी फिरत होता.

मग थांबला. डोकं गरगरत असल्याने त्याला आधी वाटलं की गाव थांबलं.

कुणी हसलं नाही, हे जास्त वाईट होतं. मग हळूहळू बोलणं सुरू झालं. एकजण म्हणाला, मुंबई लांब आहे, एवढ्या लांबून काय दिसणार. दुसरा म्हणाला, लढाईमुळे सगळ्यांनाच घाई आहे. एक म्हातारी म्हणाली, चार वर्षं बोलावलं नाही, बाई रुसली. शेवटी मारोतराव बोलला, तेवीस वर्षं पोटात ठेवलेलं.

"पुंज्या, बाईनं दुसरा पाह्यला असन."

यावर लोक हसले.

पुंजाजी दुलीचंदकडे गेला. मीच चुकलो असेन, म्हणाला, माघारी लाव. दुलीचंद म्हणाला, माघारी लागत नाही. ते कुणालाच पटलं नाही. बॅटरी वाचवतोय, असं ठरवून लोक घरी गेले.

माळ्यावरची पेटी

दुसऱ्या दिवशी दुपारी पुंजाजी प्रेमाबाईकडे गेला. ती सुपात तुरीची डाळ निवडत होती. तो उंबऱ्यापाशी बसला आणि बराच वेळ पऱ्हाटीबद्दल बोलला. ती ऐकत राहिली. मग तो म्हणाला:

"वयनी, बाई थांबे का नाई थांबे?"

प्रेमाबाईने सूप खाली ठेवलं. माळ्यावर चढ, म्हणाली. त्याने फोनो खाली उतरवला. कापड सोडल्यावर भोंग्यातून दोन झुरळं निघाली, त्यांना तिने मारलं नाही, हळूच अंगणात नेऊन सोडलं. तबकडी पुसली, आणि उजेडात तिरपी धरून त्याला दाखवली. गोल गोल रेषांवर एक आडवी रेघ होती, नखाने ओढावी तशी.

सुई इथे आली की मागे पडते, असं तिने सांगितलं. पुन्हा फिरून येते, पुन्हा मागे पडते. कुणी बोट लावून पुढे ढकलली नाही, तर तिथेच राहते.

पुंजाजीने त्या रेघेवरून नख फिरवलं. नख अडकलं.

"बाई नव्हती थांबत, भाऊ," प्रेमाबाई म्हणाली. "ते थांबत. तुमी पदर सोडला का बोट लावत."

त्याला आधी हेच कळेना की बरं वाटून घ्यावं की वाईट. बाई थांबत नव्हती. कधीच नव्हती. तिला केनवड हे नावही माहीत नसेल. मुंबईच्या पेटीत काल वाजली तीच खरी तबकडी, आणि खऱ्या तबकडीत त्याच्यासाठी जागा नव्हती. मारोतरावला हे कळलं तर तो जन्मभर ढोलकीवर हेच वाजवेल. पण भोंग्याआड तो एक हात होता. दर धुळवडीला. तो माणूस सुईकडे बघत नव्हता, पुंजाजीकडे बघत होता. म्हणजे कुणीतरी थांबत होतंच. मग ते खोटं कसं? आणि खरं तरी कसं?

त्याने विचारलं, ही रेघ कशी पडली.

"अकोल्याहून अशीच आली, म्हनत. दुकानदारानं फसवलं, म्हनत."

"मंग परत काहून नाई केली?"

"थे मीही पुसलं. तर हासले."

बाहेर कुणीतरी मीठ मागत होतं, दुलीचंद मोजून देत होता. मग पुंजाजी म्हणाला, एकदा लावा. प्रेमाबाईने आजवर त्या यंत्राला हात लावला नव्हता, लांबून पाहिलेलं तेवढं. तिने चावी दिली, हाताला जमली तेवढीच, आणि जपून सुई टेकवली.

ढोलकी. घुंगरं. बाईचा आवाज रेडिओतल्यापेक्षा बारीक आणि ओळखीचा. पुंजाजी उठला. ओसरी लहान होती, तुरीचं सूप मध्ये होतं. तो शेतातून आला होता, अंगात बंडी आणि गुडघ्यापर्यंत धोतर. तसाच नाचू लागला, हळू, भिंती सांभाळत.

भरली घागर, फिरते गं, फिरते गं, फिरते गं.

बाई थांबली.

पुंजाजी फिरत होता. खांब, सूप, प्रेमाबाईचा चेहरा, खांब. प्रेमाबाईने बोट सुईजवळ धरलं होतं आणि ती त्याच्याकडे पाहत होती, भागचंद पाहायचा तशी, डोळे न मिटता. पदर सुटायची ती वाट बघत होती. पुंजाजी दमला. खांद्याकडे हात नेला. खांद्यावर बंडी होती. लुगडं घरी तुळसाबाईने धुऊन वाळत घातलं होतं. सोडायला काही नव्हतं. थांबा म्हणावं, तर त्याला ते सुचलं नाही. बोट लावू का विचारावं, तर तिला ते सुचलं नाही. तो तिच्या बोटासाठी फिरत राहिला, ती त्याच्या पदरासाठी बसून राहिली, आणि बाई म्हणत राहिली फिरते गं, फिरते गं.

मग चावी उतरू लागली. फिरते गं, जड झालं. फिरते, गं, गड्याच्या आवाजासारखं झालं. पुंजाजीचे पायही तेवढेच जड झाले, तेवढेच, एका मापाने. फि. र. ते. तबकडी थांबली, तेव्हा पुंजाजी थांबला. त्याचं तोंड प्रेमाबाईकडे होतं.

"थांबली," तो म्हणाला.

प्रेमाबाईने बोट अजून तसंच धरलं होतं.

तबकडी अकोल्याहून धड आली होती. तो चरा एकवीस सालच्या धुळवडीला पडला, पुंजाजी ओट्यावर कोसळला तेव्हा त्याचा पाय पेटीला लागून.